मदत हवी आहे: पावसात घाट चढताना स्टिअरिंग जड होते आणि कंपनी खाऱ्या हवेकडे बोट दाखवते

नमस्कार.

माझ्या मोटारीच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये एक दोष आहे, जो मला रस्त्यावर दिसतो आणि सर्व्हिस सेंटरला मात्र दिसत नाही. तो सिद्ध कसा करावा आणि वॉरंटीतून दुरुस्त करून कसा घ्यावा, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. कंपनीचे व डीलरचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण कदाचित ग्राहक आयोगापुढे जाईल आणि तोपर्यंत नावानिशी आरोप करणे मला योग्य वाटत नाही.

गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे, नवी कोरी घेतलेली आणि एमएच ०७ पासिंगची. मूळ वॉरंटी संपली असली, तरी खरेदीच्या वेळीच वेगळे पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी अजून चालू आहे आणि सर्व सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच झालेले आहे. राहणे देवगड तालुक्यात. कामानिमित्त देवगड–निपाणी रस्त्याने फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूरला वारंवार जावे लागते, आणि दोष नेमका याच रस्त्यावर प्रकट होतो.

होते असे की, पावसाळ्यात घाटाच्या अरुंद वळणावर गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये असताना डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंग एकदम जड होते. ते पूर्ण अडकत नाही, चाके वळतात, परंतु मोटरचे साहाय्य गेल्यामुळे दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. समोरून एसटी किंवा चिऱ्यांनी भरलेला ट्रक उतरत असताना वळणाच्या मध्यावर असे झाले म्हणजे काय होते, हे घाटात गाडी चालविणाऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली, की दिवा विझतो आणि सर्व काही पूर्ववत होते. माझी पत्नीही हीच गाडी चालविते. तिने पावसाळ्यात घाटात गाडी नेणे बंद केले आहे.

मी केलेल्या नोंदींतून एवढे दिसते की, त्या त्या वेळी वायपर वेगात, हेडलाइट चालू आणि काचेवरील धुके घालविण्यासाठी ब्लोअरही चालू असतो. उन्हाळ्यात, दिवसा, सपाट रस्त्यावर असे क्वचितच घडले आहे.

आता सर्व्हिस सेंटरची बाजू. गाडी तेथे नेली, की तंत्रज्ञ ती महामार्गावर भर दुपारी सरळ रस्त्याने फिरवून आणतो आणि जॉबकार्डावर ‘रोड टेस्ट केली, दोष आढळला नाही’ असे लिहिले जाते. गाडी घाटात न्यावी, निदान वायपर, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून जागच्या जागी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे, अशी विनंती मी लेखी केली. तसे करण्याची कंपनीची पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. पहिल्या पत्रात कंपनीने वाहन मानकांनुसार कार्यरत असल्याचे कळविले आणि मालकासाठीच्या पुस्तिकेतील एक वाक्य उद्धृत केले: गाडी उभी असताना किंवा अतिशय संथ चालत असताना स्टिअरिंग वारंवार फिरविल्यास मोटर तापू नये म्हणून साहाय्य तात्पुरते कमी होते. ही गोष्ट खरी आहे, अशी संरक्षण-व्यवस्था अनेक गाड्यांत असते. परंतु तिच्यात साहाय्य हळूहळू कमी होते आणि ते प्रामुख्याने पार्किंगसारख्या प्रसंगी घडते. माझ्या गाडीत ते दिवा लागून एका क्षणात जाते आणि कित्येकदा घाटाच्या पहिल्याच दोन-तीन वळणांत जाते, जेव्हा मोटर तापण्याइतके स्टिअरिंग फिरलेलेच नसते.

मी चिकाटी सोडली नाही, तेव्हा त्यांनी स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या कंट्रोल युनिटमध्ये जुना कोड (दोषाची साठवलेली नोंद) सापडल्याचे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने मला तोंडी सांगितले. तो कोणता, हे सांगण्यास मात्र नकार दिला, कारण स्कॅनचा अहवाल ‘अंतर्गत’ असतो म्हणे. त्यानंतर कंपनीचे दुसरे पत्र आले. त्यानुसार वायरिंगच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगवर, गंज दिसून आला असून तो किनारपट्टीच्या खाऱ्या व दमट हवेमुळे, म्हणजे बाह्य कारणाने आलेला आहे, म्हणून तो वॉरंटीत बसत नाही. सोबत स्टिअरिंग कॉलमचा संपूर्ण संच बदलण्याचे पस्तीस हजार रुपयांच्या वरचे एस्टिमेट जोडलेले होते.

माझी हरकत येथे आहे. पहिल्या पत्राप्रमाणे गाडीत दोषच नाही आणि दुसऱ्या पत्राप्रमाणे दोष आहे, पण तो हवेने केला आहे. या दोहोंपैकी खरे काय, याचे उत्तर ग्राहक-सेवा विभाग देत नाही. शिवाय माझ्या गाडीत स्टिअरिंगची मोटर इंजिनाशेजारी नसून डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यावरच बसविलेली आहे, म्हणजे आपण बसतो त्याच बंद भागात ती आहे. गाडी पुराच्या पाण्यात कधी गेलेली नाही आणि आतील मॅटखाली ओल नाही. बंद काचांच्या आत असलेला कपलर एवढ्या अवधीत हवेने गंजत असेल, तर तो कपलर किंवा त्याचे रबरी सील निकृष्ट आहे, असाच अर्थ माझ्या सामान्य बुद्धीला दिसतो. कोकणातील शोरूममध्ये, कोकणात राहणाऱ्या माणसाला, कोकणातील पासिंग करून गाडी विकायची आणि नंतर कोकणची हवा हे बाहेरचे कारण म्हणून सांगायचे, हे मला पटत नाही. वाढीव वॉरंटी विकताना समोरचा मनुष्य समुद्रकिनारी राहतो, हे त्यांच्या अर्जावरील पत्त्यातच लिहिलेले होते.

मदतक्रमांकाविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक वेळी नवा प्रतिनिधी, नवा तक्रार क्रमांक आणि सर्व हकीकत पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे’ असा संदेश येतो. समाधान कोणाचे झाले, ते त्यात लिहिलेले नसते. एरिया सर्व्हिस मॅनेजरांशी बोलणे करून द्यावे, ही विनंती प्रत्येक वेळी ‘वर पाठविली’ जाते.

मला विचारायचे आहे ते असे. कधीतरीच दिसणारा दोष कागदावर आणण्याचा विश्वासार्ह मार्ग कोणता? बाहेरच्या वायरमनकडून तपासून घेतल्यास ‘बाहेर हात लावला’ या सबबीवर वॉरंटी नाकारली जाईल का? स्कॅनचा अहवाल मागण्याचा मला अधिकार आहे का? आणि खाऱ्या हवेची सबब रत्नागिरी, रायगड किंवा सिंधुदुर्गातील कोणी ग्राहकाने खोडून काढली असल्यास, ती कशाच्या आधारे? पूर्ण गाडी बदलून मिळावी, अशी माझी मागणी नाही. स्टिअरिंग विनामूल्य आणि कायमचे दुरुस्त व्हावे, एवढेच हवे आहे.

– आंबाबाग


प्रतिसाद: कुडाळचा वायरमन

नमस्कार आंबाबाग. मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, म्हणून केवळ त्या अंगाने लिहितो. कायद्याचे इतर सभासद सांगतील.

आपण दिलेल्या वर्णनात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती सर्व्हिस सेंटरने दुर्लक्षिली आहे. वायपर, हेडलाइट आणि ब्लोअर एकाच वेळी चालू, इंजिनाचे फेरे कमी आणि वळण संथ व तीव्र, असा हा मेळ आहे. अशा वळणावर स्टिअरिंगची मोटर काही क्षण तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. त्या वेळी बॅटरी कमजोर असेल, तिच्या टर्मिनलवर हिरवा गंज असेल किंवा बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार सैल वा गंजलेली असेल, तर कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज घसरतो आणि युनिट स्वतःला वाचविण्यासाठी साहाय्य बंद करून दिवा लावते. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सर्व ठीक होणे, हेही त्याच्याशी जुळते. टॉर्क सेन्सर (स्टिअरिंगवर लावलेला जोर मोजणारा भाग) खराब असेल तरीही दिवा लागतो. पण मग तो पाऊस आणि ऊन यांत एवढा भेद सहसा करीत नाही.

म्हणूनच तो कोड कोणता, यावर सर्व अवलंबून आहे. कोड कमी व्होल्टेजचा असेल, तर पस्तीस हजारांचा कॉलम बदलूनही दोष तसाच राहण्याची शक्यता आहे. कोड सेन्सरचा किंवा मोटरचा असेल, तर कॉलमचा विषय येतो. कोड न दाखविता एस्टिमेट देणे म्हणजे रोग न सांगता शस्त्रक्रियेची तारीख देणे होय.

बाहेर तपासून घेण्याविषयी बोलायचे, तर मापन आणि उघडणे यांत फरक आहे. बॅटरीचा व्होल्टेज इंजिन बंद असताना साधारण १२.६ असावा. इंजिन सुरू करून, वायपर, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने मल्टिमीटरच्या एका टोकाने बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाने अर्थिंगचा बोल्ट धरून वाचन घ्यावे. ते ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहिले पाहिजे. यात एकही कपलर काढावा लागत नाही, एकही सील तुटत नाही. स्कॅनरने कोड वाचणे हेही केवळ वाचणे आहे. मात्र वाचणाऱ्याला कोड पुसू देऊ नका आणि बॅटरीची तार सोडवू देऊ नका. स्टिअरिंगचे युनिट किंवा त्याचा कपलर मात्र बाहेर कोणालाही उघडू देऊ नका, कारण त्यानंतर कंपनीला हवे ते कारण आयते मिळेल.

एक अनुभवाची गोष्ट. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात आणि तारा कुरतडतात. ते एकदा टॉर्च लावून पाहून घ्या, म्हणजे पुढे तो मुद्दा कंपनीला काढता येणार नाही.


प्रतिसाद: सनदशीर

वरील तांत्रिक प्रतिसाद उत्तम आहे. मी ग्राहक तक्रारींच्या बाजूने भर घालतो.

प्रथम एक प्रश्न: गाडी आपल्या नावावर आहे, की बागायतीच्या फर्मच्या नावावर? अनेक आंबा व्यावसायिक गाडी फर्मच्या नावाने घेतात आणि मग विरुद्ध पक्ष ‘व्यापारी प्रयोजन’, म्हणजे व्यवसायासाठी घेतल्यामुळे आपण ग्राहकच नाही, हा आक्षेप सर्वांत आधी घेतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठीच वापरलेल्या वस्तूला कायद्यात अपवाद आहे, परंतु तो तक्रारीत स्पष्ट मांडावा लागतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील सेवेच्या त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे याचाही समावेश आहे. आपल्याच गाडीच्या स्कॅनचा अहवाल नाकारणे या व्याख्येत बसते, असा युक्तिवाद आपण करू शकता. म्हणून तो अहवाल लेखी मागा आणि नकारही लेखी मिळवा. उत्तर आले नाही, तरी आपल्या पत्राची पोचपावती हाच पुरावा होतो.

सध्या जिल्हा आयोगाकडे पन्नास लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूंची तक्रार करता येते आणि जेथे तक्रारदार राहतो, तेथील आयोगाकडे ती करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय कोठेही असले, तरी आपली तक्रार सिंधुदुर्गनगरीत, ओरोसला चालेल. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असल्यास शुल्क २०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी, असा अर्जही देता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे पत्रव्यवहारात ती वाहून जाऊ देऊ नका. डीलर आणि उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केल्यास तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

पुराव्याविषयी. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये असे म्हटले की, ग्राहक हा वेग आणि आघाताची गणिते मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावा, अशी अपेक्षा नाही. हे वाचून बरे वाटते. तरीही त्यावर विसंबून राहू नये, कारण तेथे अपघात आणि न उघडलेली एअरबॅग या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. आपला दोष मधूनच येतो व जातो, म्हणून तज्ज्ञाचे मत लागेल. दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसल्यास तो योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागाकडे लेखी विचारणा करून पाहण्यासही हरकत नाही. गाडी न बदलता दुरुस्ती मागण्याचा आपला निर्णय शहाणपणाचा आहे, कारण वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर पूर्ण गाडी मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच घेतलेली आहे.

खाऱ्या हवेच्या सबबीबाबत वाढीव वॉरंटीच्या अटींचा मूळ कागद वाचा. ‘बाह्य कारण’ या शब्दांची तेथे काही व्याख्या आहे का, आणि किनारपट्टीचा उल्लेख अपवादांत छापलेला आहे का, ते पाहा. छापलेला नसेल, तर तो पत्रातून नंतर जोडता येणार नाही, हा आपला सर्वांत बळकट मुद्दा ठरेल. छापलेला असेल, तर तो विक्रीच्या वेळी आपल्याला सांगितला होता का, असा प्रश्न उरतो.

आयोगापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ती निकाल देत नाही, पण तिच्यामार्फत गेलेले पत्र कंपनीत वरच्या टेबलावर पोहोचण्याची शक्यता अधिक असते. सुरक्षिततेशी निगडित दोष असल्यामुळे वाहन परत बोलाविण्यासंबंधीच्या सरकारी पोर्टलवरही नोंद करा; सात वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या वाहनांसाठी ही व्यवस्था १ एप्रिल २०२१ पासून अस्तित्वात आहे. एका तक्रारीने काही हलत नाही, परंतु त्याच मॉडेलच्या इतर मालकांच्या तक्रारी तेथे असल्या, तर तुमची त्यांत भर पडेल. दिवा लागलेला असतानाचा व्हिडिओ असल्यास मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेल्या प्रतीत मूळ तपशील टिकत नाहीत.


प्रतिसाद: आंबाबाग

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गाडी माझ्या वैयक्तिक नावावर आहे. वॉरंटीचा मूळ कागद काढून वाचला. अपवादांत पूर, आग, अपघात आणि ‘रासायनिक पदार्थांचा संपर्क’ एवढेच आहे. समुद्र, मीठ किंवा किनारपट्टी हे शब्द कोठेही नाहीत.

जामसंड्याच्या एका वायरमनकडून काहीही न उघडता मापन करून घेतले. बॅटरी उत्तम आहे आणि तारा कुरतडलेल्या नाहीत. मात्र सर्व काही चालू ठेवून स्टिअरिंग फिरविताना बॉडीकडच्या एका अर्थिंगच्या बोल्टवर वाचन अर्ध्या व्होल्टच्याही पुढे गेले. त्याचा व्हिडिओ मीटर आणि बोल्ट एकाच चौकटीत दिसतील, असा घेतला आहे. बोल्टला हात लावलेला नाही. स्कॅनचा अहवाल व कोड लेखी देण्याची मागणी करणारे पत्र डीलर आणि कंपनी या दोघांनाही पोचपावतीसह पाठविले आहे.

आता अडचण अशी की, तो बोल्ट साफ करून घट्ट केला, तर दोष कदाचित जाईल आणि त्याबरोबर पुरावाही जाईल. न केला, तर याच गाडीने घाटातून जावे लागेल. काय करावे?


प्रतिसाद: कुडाळचा वायरमन

साफ करून घ्या, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच आणि जॉबकार्डावर लिहून घेऊनच. ‘अमुक अर्थिंग पॉइंटवर भाराखाली व्होल्टेज ड्रॉप इतका, साफ केल्यावर इतका’ हे दोन्ही आकडे त्यांच्या हाताने लिहिलेले असू द्या आणि काम होताना स्वतः उभे राहून व्हिडिओ घ्या. ते आकडे लिहिण्यास तयार नसतील, तर आपण आणलेला व्हिडिओ दाखवूनच काम झाले, एवढे तरी ‘ग्राहकाचे म्हणणे’ या रकान्यात लिहून सही घ्या. तोवर घाटात जायचेच असेल, तर ब्लोअर कमी वेगावर ठेवा आणि वळणापूर्वी एक गिअर खाली घेऊन इंजिनाचे फेरे थोडे वाढते ठेवा. भार कमी झाला, की दिवा लागण्याची शक्यता कमी होते.


प्रतिसाद: सनदशीर

सहमत आहे. दुरुस्तीने पुरावा जात नाही, उलट तो पूर्ण होतो: बोल्ट साफ केल्यावर दोष गेला, तर दुसऱ्या पत्रातील कपलरच्या गंजाचे कारण आणि पस्तीस हजारांचे एस्टिमेट ही दोन्ही चुकीची होती, हे त्यांच्याच जॉबकार्डाने सिद्ध होईल. त्या कामाचे पैसे मागितल्यास पावतीवर ‘हक्क राखून’ असे लिहून भरा. कंपनीने उत्तर देण्यासाठी पत्रात मुदत लिहिली नसेल, तर पंधरा दिवसांची मुदत देणारे स्मरणपत्र आजच पाठवा.